पालेभाजीतील शिसे व कॅडमियम: चाचणी अहवाल कसा वाचावा?

ज्या पाण्यावर आमची भाजी निघते त्यात सांडपाणी मिसळत असावे, अशी शंका आल्यामुळे पालक आणि पॉलिश केलेला तांदूळ एका प्रयोगशाळेतून तपासून घेतला. पालकात किलोमागे १.२ मिलिग्रॅम कॅडमियम व २.५ मिलिग्रॅम शिसे, तर तांदळात ०.३ मिलिग्रॅम आर्सेनिक निघाले. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेच्या) मर्यादा पालेभाज्यांसाठी कॅडमियम ०.२ व शिसे ०.३, आणि पॉलिश केलेल्या तांदळासाठी आर्सेनिक ०.२ अशा आहेत. आकडे शेजारी ठेवले तर कोणीही घाबरेल.

मात्र अहवालाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, पालकाचे आकडे वाळवलेल्या नमुन्याचे असल्याची नोंद आहे. कोडेक्सची मर्यादा ताज्या भाजीला लागू होते आणि पालकात सुमारे नव्वद टक्के पाणी असते. म्हणजे कॅडमियम ०.१२ आणि शिसे ०.२५ धरावे, हे बरोबर आहे ना? तांदळाबाबतही असाच घोळ आहे, कारण मर्यादा केवळ असेंद्रिय आर्सेनिकची (म्हणजे कार्बनशी न जोडलेल्या, अधिक विषारी प्रकाराची) आहे आणि आमच्या अहवालात एकूण आर्सेनिक दिले आहे. असेंद्रिय भाग वेगळा मोजून घेतल्याखेरीज हा तांदूळ मर्यादेत आहे की नाही हे ठरवता येत नाही, असे मला वाटते.

माझी खरी अडचण यापुढची आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये कॅडमियमसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम इतके सेवन सहन होण्याजोगे मानले. साठ किलोच्या प्रौढासाठी हे दिवसाला ५० मायक्रोग्रॅम होते आणि शंभर ग्रॅम पालकातून त्यातले १२ जातात. पण पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा जेमतेम साडेबारा आहे. त्याने पन्नास ग्रॅम भाजी खाल्ली तरी निम्मी मर्यादा तिथेच संपते, आणि भात, कंदमुळे यांतून येणारे कॅडमियम निराळेच. हा धातू मूत्रपिंडात दशकानुदशके साठून राहतो, त्यामुळे एखाद्या दिवसाच्या हिशेबाला फारसा अर्थ नाही, हेही समजते. शिशाची तर त्याच वर्षी जुनी सेवनमर्यादाच मागे घेण्यात आली, कारण लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम होणार नाही अशी पातळी दाखवता आली नाही. मग ०.३ च्या आत असलेल्या ०.२५ ला ‘सुरक्षित’ म्हणावे तरी कसे?

शिसे बरेचसे पानांवरच्या मातीतून व धुळीतून येते, कॅडमियम मात्र मुळांवाटे पानांत शिरते, असे वाचले आहे. प्रयोगशाळेने नमुना धुतला होता का, हे अहवालात लिहिलेले नाही. त्यामुळे धुतलेली आणि न धुतलेली भाजी वेगवेगळी तपासून घेण्यात अर्थ आहे का?

आम्लधर्मी जमिनीत चुना टाकल्यास कॅडमियमचे शोषण घटते. परंतु भातखाचरात पाणी साठवून ठेवले तर कॅडमियम कमी आणि आर्सेनिक जास्त, खाचर सुकू दिले तर नेमके उलट, अशी कोंडी आहे. दोन्ही धातूंचा संशय असताना पाण्याचे वेळापत्रक कसे ठेवावे, आणि तोवर मुलांना या शेतातला पालक द्यावा की नाही, याबद्दल मृदाशास्त्र किंवा अन्नतपासणीतील जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.