टेकऑफ, डिपार्चर आणि एकच उड्डाण

मेतकूट: दिवाळी अंकासाठी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या विमान अपघातावरचा लेख मराठीत करतेय. २७ मार्च १९७७, लॉस रोदेओस विमानतळ, दाट धुकं, धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर, ५८३ मृत्यू. टॉवरने केएलएमला (डच कंपनीच्या विमानाला) फक्त पुढचा मार्ग दिला होता, त्यात 'टेकऑफनंतर उजवीकडे वळा' असं आलं. सहवैमानिकाने ते परत म्हणून दाखवलं आणि शेवटी जोडलं, 'वुई आर नाऊ ॲट टेकऑफ'. टॉवरला वाटलं, उभे आहेत. विमान तर धावायला लागलं होतं! पुढे नियम झाला : 'टेकऑफ' हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच, एरवी 'डिपार्चर'. संपादकांनी दोन्हीकडे 'उड्डाण' केलंय. लेखाचा मुद्दाच गेला. काय करू?

तिरकीट: ते वाक्य मुळात धड इंग्रजीच नाही. डचमध्ये चालू क्रियेला 'आन हेत' लावतात, त्याचं 'ॲट' झालं असावं, असं एक स्पष्टीकरण आहे. आपण तरी काय करतो? पायात चप्पल नसते आणि फोनवर 'हा काय, निघालोच'. 'निघालोच' लिहा, घोळ जसाच्या तसा येईल.

मेतकूट: घोळ येईल, पण उलटा. 'निघालोच' म्हणणारा घरात बसलेला असतो. इथे बोलणारा धावत होता आणि ऐकणाऱ्याला तो उभा वाटला.

शब्दवेडा: 'उड्डाणे रद्द' मध्ये उड्डाण म्हणजे फ्लाइट, 'उड्डाण केलं' मध्ये टेकऑफ, आणि उड्डाणपुलावर तर कुणीच उडत नाही. किती ओझं घालायचं एका शब्दावर? टेकऑफला 'झेप' घ्या, डिपार्चरला 'प्रस्थान'.

जुना रेडिओ: अहो, झेप? 'झेपेस परवानगी आहे' असं म्हणणार का टॉवरवाला? माझी नोकरी वायरलेसवर गेली. तिथले शब्द भाषांतराचे नसतात. 'रॉजर' म्हणजे नुसतं ऐकलं, करतो म्हणायचं तर 'विल्को'. टेनेरिफला टॉवर आधी 'ओके' म्हणाला, जरा थांबून 'टेकऑफसाठी थांबा, मी सांगतो'. नेमकं तेव्हाच दुसऱ्या, पॅन ॲम या अमेरिकन कंपनीच्या विमानातले 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' सांगत होते. दोघं एकदम बोलले. केएलएमच्या कॉकपिटात 'ओके' तेवढं स्वच्छ पोचलं, पुढे कर्कश शिट्टी.

पायरीआंबा: आमच्या सासूबाईंचं 'बरं' असंच. होकार की 'बघतेच तुझ्याकडे', ते संध्याकाळी कळायचं.

शब्दवेडा: म्हणजे सगळं इंग्रजीच ठेवायचं. मग लेख मराठीत कशाला करताय?

जुना रेडिओ: लेख मराठीतच राहतो हो. माझे वडील 'टेकऑफ' म्हणत आणि ते काही साहेब नव्हते.

इंद्रायणीकाठ: 'प्रस्थान'वर कुणी थांबलंच नाही. माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं त्या रात्री पालखी आळंदीतच असते, पुण्याची वाट दुसऱ्या दिवशी. पूर्वी मुहूर्त आज आणि जाणं परवा असेल, तर गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवत. त्याला 'प्रस्थान ठेवणं' म्हणायचे. निघाले, पण हलले नाहीत! डिपार्चरला हाच हवा. शिवाय धातू बघा, 'स्था', म्हणजे उभं राहणं.

तिरकीट: ही ओढाताण झाली. 'प्र' लागला की त्याच 'स्था'चा अर्थ संस्कृतातच 'निघणं' होतो.

शब्दवेडा: 'प्रस्थान' मी आधीच सुचवलं होतं. वर बघा.

मेतकूट: 'प्रस्थान' घेतलं. पण 'ॲट टेकऑफ'चं काय?

पायरीआंबा: त्या गाठोड्यात काय असायचं हो? आमची आजी तांदूळ आणि सुपारी म्हणायची.

जुना रेडिओ: छे, सुपारी कसली? जाणाऱ्याचं उपरणं.

इंद्रायणीकाठ: आमच्याकडे दोन्ही. आणि ज्या दिशेला जायचं, त्याच दिशेच्या घरी ठेवायचं.