'कॅचिंग फायर' रेटू की सोडू?

घणसोलीहून ठाण्याला रोज ट्रान्स हार्बर लोकलने जाते. 'हंगर गेम्स' ही मुलांना मरेपर्यंत लढवणाऱ्या खेळाची कादंबरी चार दिवसांत फस्त केली. हा दुसरा भाग मात्र दिघा गाव येईस्तोवर डुलकी आणतो. शंभर पानं झाली, नुसते सत्कार आणि भाषणं. सोडू का?

— अहो, अकराव्या जिल्ह्यातला शीळ घालणारा म्हातारा वाचूनही डुलकी? खेळ जिंकूनही नायिकेची सुटका नाही, हे तिथेच कळतं.

— थांबा जरा. दर २५ वर्षांनी खेळाचा नियम बदलतो, हा खेळ ७५वा. नव्या नियमाची ती घोषणा वाचताना माझं रबाळे स्टेशन गेलं, थेट ठाण्याला उतरले. (वर टीसी!)

— घोषणेपर्यंत पोचले. भेंडी करपली. सासूबाई विचारतायत, एवढं काय आहे त्यात?