विषय: शिडाच्या यॉटजवळून मोटारबोट नेताना

प्रेषक: सहल समिती, साऊथॅम्प्टन

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

यंदाच्या उन्हाळी सहलीत काही कुटुंबे सोलेंटमध्ये (साऊथॅम्प्टनजवळच्या सामुद्रधुनीत) मोटारबोटी भाड्याने घेणार आहेत. मागील सहलीनंतर काहींनी कळवले होते की, पुरेसे अंतर ठेवून आणि वेग कमी करूनही एका यॉटवरील मंडळींनी हात उंचावून नाराजी दर्शवली. नियम पाळल्यावरही असे का व्हावे, हे निघण्यापूर्वी समजून घ्यावे असे समितीला वाटते. सांगलीचे काका, आपण या पाण्यावर अनेक वर्षे शिडाची यॉट चालवली आहे. आपण सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रेषक: काका, सांगली

चि. ताई, अनेक आशीर्वाद.

1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील अठराव्या नियमाप्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या नौकेने सर्वसाधारणपणे शिडावर चालणाऱ्या नौकेला वाट द्यायची असते, आणि तेराव्या नियमाप्रमाणे मागून येऊन पुढे जाणाऱ्या कोणत्याही नौकेने पुढच्या नौकेपासून दूर राहायचे असते. मात्र हे नियम टक्कर टाळण्यासाठी आहेत. टक्कर टळते, तरी तुमच्या बोटीमागे उठलेली लाट, म्हणजे वॉश, पलीकडच्या यॉटपर्यंत पोहोचतोच. नाराजी त्या लाटेबद्दल असते.

‘वेग कमी केला होता’ हे मला पूर्ण खरे वाटते, आणि खरी अडचण तिथेच आहे. वीस नॉटने (ताशी सुमारे 37 किलोमीटरने) जाणारी हलकी मोटारबोट पाण्याच्या पृष्ठभागावर उचललेली असते. वेग अर्धवट कमी केला की ती खाली बसते, नाळ म्हणजे पुढचे टोक वर उचलले जाते, पिछाडी पाण्यात रुतते आणि ती आपल्याबरोबर मोठी लाट ओढत नेते. पूर्ण वेगातल्या वॉशपेक्षा हा अधलामधला वॉश पुष्कळदा मोठा असतो. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जा चौपट होते, म्हणून हा फरक किरकोळ मानू नये. आठ मीटर लांबीच्या बोटीने साधारण चार-पाच नॉटपर्यंत, म्हणजे नाळ पुन्हा सपाट होऊन मागचे पाणी शांत दिसेपर्यंत, वेग उतरवावा. तोही यॉटच्या बराच आधी उतरवावा, कारण अगदी जवळ येऊन एकदम थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमीजास्त करणारा दांडा) ओढला तर आधी उठलेली लाट तुमच्या पिछाडीवर येऊन आदळते आणि नंतर यॉटकडे जाते.

दुसरी गोष्ट वेग पुन्हा वाढवण्याची. बोटीमागच्या लाटा पाचरीच्या आकारात पसरतात आणि खोल पाण्यात त्या पाचरीची एक बाजू बोटीच्या मार्गाशी सुमारे साडेएकोणीस अंशांचा कोन करते. त्यामुळे वेगात असताना पन्नास मीटर अंतरावरून गेलात, तर लाट यॉटला लागेपर्यंत तुम्ही सुमारे 140 मीटर पुढे निघून गेलेले असता. यॉट मागे पडताच थ्रॉटल उघडणाऱ्याला आपल्यामागे काय घडले, हे बहुधा दिसतच नाही.

तिथे काय घडते, ते आता सांगतो. वारा मंद असतो, यॉट तीन नॉटने कशीबशी सरकत असते. लाट लागली की डोलकाठी झुलते आणि शिडातला वारा निसटतो. बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, एका बाजूवरून दुसरीकडे आपटते. वारा पाठीमागून असेल तर ती कोणाच्या डोक्यालाही लागू शकते. खाली कोणी चहाचे आधण ठेवलेले असते, कधी डोलकाठीवर दुरुस्तीसाठी माणूस चढलेला असतो. मंद वाऱ्यात मोडलेली गती पुन्हा मिळवायला बराच वेळ लागतो. भर वाऱ्यात तीच लाट फारशी जाणवत नाही, म्हणून वारा जितका कमी, तितकी तुमची काळजी अधिक असावी.

बाजू निवडताना, यॉट आडवी जात असेल तर तिच्या मागून जावे. त्याच दिशेने जात असेल तर जागा पाहून वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूने जावे, म्हणजे तिचा वारा अडत नाही. साऊथॅम्प्टनजवळच्या हॅम्बल नदीत 6 नॉटची मर्यादा आहे. पण जड बोट त्याच वेगातही त्रासदायक लाट उठवू शकते, म्हणून वेगाच्या काट्याबरोबर मागच्या पाण्याकडेही पाहावे.

मी हे आग्रहाने लिहितो, कारण 2019 च्या पुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात आणि मारुती चौकापर्यंत आले, तेव्हा बोटी रस्त्यांतून फिरत होत्या. दोन भिंतींमध्ये लाटेला पसरायला जागा नसते. ती एका भिंतीवरून दुसरीकडे उलटते आणि उघड्या दारांतून घरांत शिरते. अरुंद नदीत आणि बंदरातही लाट काठांवरून अशीच परतते.

प्रेषक: एक सभासद, सध्या मुक्काम सातारा

काकांना नमस्कार.

सुट्टीसाठी घरी आलो आहे. वासोट्याला जाताना बामणोलीहून मोटारबोटीनेच शिवसागर जलाशय ओलांडला, त्यामुळे आपले पत्र अधिक लक्षपूर्वक वाचले. एक शंका आहे. सोलेंटमध्ये पुष्कळ यॉट शीड उभारलेले असतानाही इंजिनावर चालतात. त्यांना कोणता नियम लागू होतो? आणि अरुंद वाटेत पुढची यॉटच पाच नॉटने जात असेल, तर आपण चार नॉटवर राहून तिच्या पुढे कसे जायचे?

प्रेषक: काका, सांगली

चि. दादा, शंका रास्त आहे.

शीड उभारलेले असले तरी पुढे जाण्यासाठी इंजिन वापरले जात असेल, तर नियमांच्या दृष्टीने ती यंत्रावर चालणारी नौकाच ठरते. दिवसा तिने पुढच्या बाजूस टोक खाली केलेला काळा शंकू लावणे अपेक्षित आहे. लहान यॉट तो अनेकदा लावत नाहीत, म्हणून शंका असल्यास ती शिडावर आहे असेच धरून चालावे. वॉशच्या बाबतीत तर काहीच फरक पडत नाही, कारण इंजिनावरची यॉटही तशीच डोलते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोघांच्या सहकार्यात आहे. यॉट पाच नॉटने जात राहिली, तर तुम्हाला सात-आठ नॉट करावे लागतील, आणि नेमका तोच वेग मोठी लाट उठवतो. म्हणून मागे राहूनच व्हीएचएफवर (बोटीवरच्या रेडिओवर) तिला हाक द्यावी, आपण कोणत्या बाजूने येणार ते सांगावे आणि तिला दोन नॉटपर्यंत मंद होण्याची विनंती करावी. ती मंदावली की तुम्ही चार नॉटने शांतपणे पुढे जाता. तिच्या नाळेपुढे बरेच अंतर गेल्यावरच हळूहळू वेग वाढवा, आणि वाढवण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा.