पर्समध्ये पिस्तूल ठेवू का? (टेक्सास)

चौथा मजला
नमस्कार. ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहते, हॉस्पिटलात नर्स आहे. ड्यूटी सकाळी सात ते संध्याकाळी सात, आठवड्यातून तीन दिवस. हातातले पेशंट पुढच्या नर्सला समजावून देईपर्यंत पावणेआठ होतात. गाडी गॅरेजच्या चौथ्या मजल्यावर असते, आणि हिवाळ्यात त्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं.

मार्चमध्ये आमच्या मजल्यावर दोन गाड्यांच्या काचा फुटल्या. त्यानंतर आठवड्याभरात एक माणूस माझ्या मैत्रिणीच्या मागे मागे तिच्या गाडीपर्यंत गेला. 'फोन दे, एक कॉल करायचाय' असं म्हणत राहिला, हलेचना. दुसरी एक गाडी आली म्हणून तो गेला. आता तिनं पिस्तूल घेतलंय. तिच्या घरी गेले होते तेव्हा तिनं पर्स दाखवली. बाजूला चेनचा वेगळा कप्पा, बाहेरून कळतही नाही. मला ती फार आवडली हे कबूल करते.

नवरा म्हणतो, घे. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. आजोळी मामांची ठासणीची बंदूक खुंटीला असायची, तिच्याकडे नुसतं बघितलं तरी ओरडा बसायचा, एवढीच काय ती ओळख. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं. मुलगी चार वर्षांची. सासू-सासरे ऑक्टोबरमध्ये सहा महिन्यांसाठी येतायत. कुणी बाळगत असेल तर खरं खरं सांगा.

लाँगहॉर्न
२०२१च्या सप्टेंबरपासून टेक्सासात लायसन्स लागत नाही. वय २१ पूर्ण, गुन्हा नावावर नाही, की झालं. घ्या आणि ठेवा. प्रसंग आला तर पोलीस यायला दहा मिनिटं लागतात.

कंबरपट्टा
ताई, सहा वर्षं रोज कंबरेला पिस्तूल लावून हिंडलो, गेली दोन वर्षं लावत नाही. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तुमचं गॅरेज. हॉस्पिटलच्या दाराशी इंचभर उंचीच्या अक्षरांत, इंग्रजी आणि स्पॅनिश, अशा दोन पाट्या बहुतेक असतील. टेक्सासच्या दंडसंहितेतली कलमं, ३०.०६ आणि ३०.०७. पहिली लपवून नेण्याला बंदी, दुसरी उघड नेण्याला. नोकरीच्या नियमांतही तेच लिहिलेलं असणार. म्हणजे ती पर्स आत जाणारच नाही, पिस्तूल गाडीत राहणार. कुलूपबंद गाडीत ठेवलेलं पिस्तूल नोकरी देणाऱ्याला सहसा अडवता येत नाही, तसा कायदा २०११मध्ये झालाय. तेव्हा कायद्यानं ठीक. पण जरा हिशेब करा. ज्या मजल्यावर काचा फुटतात त्याच मजल्यावर, आठवड्यातले तीन दिवस, तेरा-तेरा तास तुमचं पिस्तूल गाडीत पडून. आणि तुम्हाला भीती वाटते ती दारापासून गाडीपर्यंतच्या चालण्याची. नेमकं तेव्हा ते तुमच्यापाशी नाही. गाडीत पोचलात की दारं लॉक करून निघताच येतं.

त्यामुळे त्या चालण्यासाठी सिक्युरिटीला फोन करा. बहुतेक हॉस्पिटलांत माणूस सोबत येतो, फक्त मागायला लाज वाटते. किंवा दोघी-तिघी मिळून निघा. हातात, म्हणजे खरोखर हातात, पेपर स्प्रे. टेक्सासात दुकानात मिळणारा छोटा डबा कायदेशीर आहे. आत नेता येतो का ते तेवढं विचारून घ्या.

आता पर्स. इथे मी जरा कडक बोलणार आहे. डिसेंबर २०१४, आयडाहो राज्यातलं हेडन गाव. २९ वर्षांची आई, अणुसंशोधनात काम करणारी, बंदुकीची चांगली सवय असलेली, लायसन्स असलेली. पर्स खास पिस्तुलासाठीच बनवलेली, नवऱ्यानं नाताळची भेट म्हणून दिलेली. दुकानात ट्रॉलीत दोन वर्षांचा मुलगा बसला होता, त्यानं चेन उघडून हात घातला. आई जागच्या जागी गेली. तुमची मुलगी चार वर्षांची. तुमच्या पर्समध्ये ती दिवसातून किती वेळा हात घालते ते मोजा. रुमाल, गोळ्या, लिपस्टिक, सगळं तिथेच असतं ना?

आणि चोराला हवी असते ती पर्सच. तो पहिला हिसका तिलाच देणार.

म्हणून बाळगायचं तर अंगावर. त्यासाठी चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान लागतं, कायडेक्सचं (टणक प्लास्टिक) वगैरे. मऊ कापडी पाकीट नको, त्यातून चाप दाबला जातो. जाड पट्टा लागतो. मग कपडे बदलतात. शर्ट एक नंबर मोठा, इन करायचा नाही. वाकलात की मागे आकार उमटतो, त्याला प्रिंटिंग म्हणतात. पहिले तीन महिने मी दुकानात खालच्या फळीवरचं काही घेतलंच नाही, गुडघे वाकवून सरळ पाठीनं बसायचो. बायको म्हणायची, मूळव्याध झाल्यासारखा चालतोस. नर्सच्या स्क्रबला, त्या ड्यूटीच्या सैल कपड्यांना, तर पट्टाच नसतो, ते तुमचं तुम्ही बघा.

त्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे संडास. पँट खाली गेली की पिस्तुलाचं वजन पट्ट्याला ओढतं, मग माणूस ते काढून कुठेतरी ठेवतो. मी आय-टेन महामार्गावरच्या एका थांब्यावर ते कागदाच्या डब्यावर ठेवलं. हात धुतले, कॉफी घेतली, गाडीत बसलो. सीटबेल्ट लावताना उजवीकडे रोजच्यासारखं टोचलं नाही, तेव्हा पोटात गोळा आला. पळत गेलो तर दार आतून बंद. चार-पाच मिनिटं बाहेर उभा. कानात नुसतं धडधडत होतं. एक म्हातारा बाहेर आला, टोपीत झाकून पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तुझंच ना? माझंही एकदा राहिलं होतं." त्याच्या जागी शाळेच्या सहलीतला पोरगाही असू शकला असता. मी तरी त्यानंतर पाच महिने लावतच होतो. सवय सुटत नाही. बंद केलं ते नंतर, मोठ्या मुलीचं पहिलं बाळ रांगत आमच्या घरी यायला लागलं तेव्हा.

शिकण्याचं बोलायचं तर लायसन्सच्या कोर्सवर विसंबू नका. चार ते सहा तासांचा वर्ग, मग ५० गोळ्या. २० तीन यार्डांवरून, २० सातवरून, १० पंधरावरून. २५०पैकी १७५ गुण मिळाले की पास. पहिल्यांदा पिस्तूल धरणारेही पास होतात, कारण समोर कागद असतो आणि तो हलत नाही. आमच्या मास्तरनं वेगळी गंमत दाखवली. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३मध्ये मांडलेला हिशेब आहे, की चाकूवाला २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात तोडतो. मास्तर रबरी चाकू घेऊन धावला. माझा हात शर्टाखाली अडकलेला असतानाच चाकू छातीला लागला. दर आठवड्याला सराव करून मी दोन सेकंदांपर्यंत आलो. पर्सची चेन उघडायला किती लागतील?

लाँगहॉर्नभाऊंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लायसन्स नसलं तरी चालतं, पण तरी काढा. शाळेपासून १००० फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल घेऊन जाणं हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि त्यातून सूट मिळते ती राज्याचं लायसन्स असलेल्याला. मुलीला सोडायला रोज कुठे जाता? फी ४० डॉलर, कोर्सचे वेगळे.

ग्रीन कार्डवर पिस्तूल घेता येतं. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना एलियन नंबर (ग्रीन कार्डावरचा) द्यावा लागतो, बाकी काही अडत नाही. पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर तेवढ्यावर ग्रीन कार्डवाल्याला हद्दपार करता येतं. नागरिकाला शिक्षा भोगून घरी जाता येतं, आपल्याला विमानतळावर नेतात. सिटिझनशिप मिळेपर्यंत मी पाट्या वाचत वाचतच चाललोय.

ओपीटी ते एचवनबी
मध्येच विचारतो, माफ करा. मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. विकत घेणार नाही, पण मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक चालवली तर?

कंबरपट्टा
नको. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर बंदूक 'जवळ असणं' हाच फेडरल गुन्हा आहे. भाड्याची असो, मित्राची असो, रेंजवर असो. २०२२पासून कमाल शिक्षा १५ वर्षं. एक पळवाट कायद्यातच आहे, राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स असेल तर सूट मिळते. हरणाकडे ढुंकूनही न बघणारे आपले दोन-तीन इंजिनिअर ते काढून बसलेत. तरी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, माझ्या भरवशावर जाऊ नकोस.

ताई, यावरूनच आठवलं. सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर येणार म्हणजे तेही याच कलमात बसतात. पिस्तूल स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये आणि ते दिवसभर घरात एकटे, हे चालणार नाही. सेफ हवी, नंबर फक्त तुम्हाला आणि नवऱ्याला. मुलीसाठीही तेच. निष्काळजीपणानं ठेवलेलं भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो टेक्सासात वेगळा गुन्हा आहे.

एडिसनकर
टेक्सासवाल्यांनो, न्यू जर्सीला भावाकडे येताना ते घरी ठेवून या. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचं लायसन्स मानत नाही. २०१३मध्ये फिलाडेल्फियाची एक बाई, दोन मुलांची आई, पूल ओलांडून इकडे आली. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स होतं. वाहतूक पोलिसानं गाडी थांबवली, तिनं प्रामाणिकपणे आपणहून सांगितलं की पिस्तूल आहे. थेट अटक. काही आठवडे तुरुंगात, वर साडेतीन वर्षांची किमान सजा डोक्यावर. प्रकरण पुरतं मिटलं ते २०१५मध्ये तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टी यांनी माफी दिली तेव्हा. सुप्रीम कोर्टाच्या २०२२च्या ब्रुएन निकालानंतर इथेही सामान्य माणसाला लायसन्स मिळायला लागलं, पण इथलं, टेक्सासचं नाही.

आणि विमानतळावर बॅग तपासून निघा. २०२३मध्ये सुरक्षा तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. जवळजवळ सगळे म्हणतात, 'बॅगेत आहे हे विसरलो.' पर्सवाल्यांची संख्या त्यात किती असेल, कल्पना करा.

लाँगहॉर्न
एवढं घाबरवायचं असेल तर कुणी काहीच करायला नको. माझी बायको पाच वर्षं पर्समध्येच ठेवते, काही झालं नाही.

कंबरपट्टा
मुलं किती वर्षांची?

लाँगहॉर्न
मुलं नाहीत. कुत्रा आहे.

कंबरपट्टा
मग ठीक.

चौथा मजला
सगळ्यांचे आभार. काल रात्री वाचताना पर्सच्या हिशेबापाशी थांबले आणि आज दिवसभर मोजलं. मुलीनं अकरा वेळा हात घातला. त्यात एकदा माझं बॅज पळवलं, ते ड्रायरमध्ये सापडलं. पर्सचा विषय संपला.

सिक्युरिटीला आज पहिल्यांदा फोन केला. साठीचे गृहस्थ आले, चौथ्या मजल्यापर्यंत त्यांच्या गुडघेदुखीचं ऐकत आले, मीच त्यांना बर्फ लावायला सांगितलं. मैत्रीण आता रोज माझ्याबरोबर निघेल, आमची शिफ्ट एकच आहे. तिची पर्स गाडीतच पडून असते हे मी तिला सांगितलं तेव्हा ती जरा गप्प झाली.

कोर्स मात्र करणार आहे, पुढच्या शनिवारी नाव घातलंय. आयुष्यात एकदा हातात धरून तर बघते. घ्यायचं की नाही ते नंतर. घेतलंच तर घरातच राहील, आणि त्यासाठी एक शेवटचा प्रश्न. सेफ बेडरूमच्या कपाटात ठेवली तर सासूबाई कपाट आवरायला घेतात. मागच्या वेळी पासपोर्ट त्यांनी कुठे 'नीट' ठेवला ते दोन दिवस कळत नव्हतं.

कंबरपट्टा
कपाटातच ठेवा, पण भिंतीच्या लाकडी खांबाला आतून बोल्ट मारून. उचलता आली नाही की आवरता येत नाही. आणि आत काय आहे हे आल्याच्या पहिल्या दिवशीच सांगून टाका. नाहीतर दागिने समजून नंबर मागतील.