‘मस्ट हॅव बीन सेंट’, ‘शुड हॅव बीन सेंट’ आणि ‘मस्ट हॅव बीन सेंडिंग’: मराठीत नेमकं काय?

प्रश्न: कार्यालयीन पत्रव्यवहार इंग्रजीत करताना ही तीन रूपं सतत लागतात: ‘द लेटर मस्ट हॅव बीन सेंट’, ‘द लेटर शुड हॅव बीन सेंट’ आणि ‘ही मस्ट हॅव बीन सेंडिंग लेटर्स’. तिन्हींत ‘हॅव बीन’ आहे, मग अर्थ इतके वेगळे कसे? आणि ‘बीन’नंतर कधी ‘सेंट’, कधी ‘सेंडिंग’ हे कशावरून ठरवायचं?

प्रतिसाद १: दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण तो निव्वळ रचनेचा आहे. इंग्रजीत साहाय्यक क्रियापदांचा क्रम ठरलेला असतो: आधी मोडल (‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ असे शक्यता किंवा कर्तव्य सांगणारे शब्द), मग ‘हॅव’, मग चालू क्रियेचं ‘बी’, मग कर्मणीचं ‘बी’ आणि शेवटी मुख्य क्रियापद. मधला एखादा डबा गाळता येतो, क्रम मात्र बदलत नाही. प्रत्येक डबा आपल्या पुढच्याचं रूप ठरवतो. मोडलनंतर मूळ रूप, ‘हॅव’नंतर तिसरं रूप, चालू क्रियेच्या ‘बी’नंतर ‘-इंग’ आणि कर्मणीच्या ‘बी’नंतर पुन्हा तिसरं रूप. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली हीच साखळी सूत्ररूपात मांडली.

मोडलनंतर मूळ रूप, म्हणून कर्ता एकवचनी असला तरी ‘शी मस्ट हॅव’च, ‘मस्ट हॅज’ कधीच नाही. ‘हॅव’नंतर तिसरं रूप, म्हणून ‘हॅव बीन’. ‘हॅव बीइंग’ चूक. पत्र पाठवलं जातं, म्हणून ‘बीन सेंट’. माणूस पाठवत असतो, म्हणून ‘बीन सेंडिंग’. ‘बीन’पुढे अडलात तर कर्त्याच्या जागी बसलेला शब्द क्रिया करतोय की त्याच्यावर क्रिया होतेय, एवढंच तपासा.

प्रतिसाद २: अर्थाचा भार मोडलवर असतो. ‘मस्ट हॅव बीन सेंट’ म्हणजे पाठवलं असणार: पुराव्यावरून काढलेला ठाम निष्कर्ष. ‘मे हॅव बीन सेंट’ म्हणजे पाठवलं असेलही, नक्की ठाऊक नाही. ‘वुड हॅव बीन सेंट’ म्हणजे बहुतेक वेळा ‘पाठवलं गेलं असतं’. एखादी अट पुरी झाली नाही म्हणून राहिलं.

घोटाळा ‘शुड’मध्ये आहे. ‘द पार्सल शुड हॅव बीन डिलिव्हर्ड येस्टरडे’ म्हणजे काल पोचायला हवं होतं, पोचलं नाही. ‘द पार्सल शुड हॅव बीन डिलिव्हर्ड बाय नाऊ’ म्हणजे एव्हाना पोचलं असायला हवं; पोचलंय की नाही ते बोलणाऱ्याला ठाऊक नाही. इंग्रजीत सांगाडा एकच, मराठीत मात्र ‘हवं होतं’ आणि ‘असायला हवं’ अशी दोन स्वच्छ रूपं आहेत. इथे मराठीकडून इंग्रजीकडे जाणं सोपं पडतं. उलट दिशेने येताना ‘येस्टरडे’, ‘बाय नाऊ’ अशा शब्दांवर नजर ठेवावी लागते.

‘कुड हॅव बीन’चंही तसंच. ‘ही कुड हॅव बीन किल्ड’ म्हणजे बहुतेक वेळा ‘मरता मरता वाचला’. शोधकार्य चालू असेल तर त्याच वाक्याचा अर्थ ‘मारला गेला असण्याची शक्यता आहे’ असाही होतो. खरोखर ठाऊक नसेल तर ‘मे हॅव बीन’ लिहा. बातमीत हा फरक फार महत्त्वाचा.

प्रश्न: मग ‘पत्र पाठवलंच पाहिजे होतं’ याला ‘मस्ट हॅव बीन सेंट’ चालेल का?

प्रतिसाद २: नाही. मराठी लेखणीतून वारंवार होणारी चूक हीच. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल ‘मस्ट हॅव’ तर्क सांगतं, कर्तव्य नाही. पाहिजे होतं पण झालं नाही, तर ‘शुड हॅव बीन सेंट’. पाठवावं लागलं, तर ‘हॅड टु बी सेंट’. पाठवलं पण गरज नव्हती, तर ‘नीडन्ट हॅव बीन सेंट’. ‘डिडन्ट नीड टु बी सेंट’ एवढंच लिहिलंत तर गरज नव्हती हे कळतं, पाठवलं की नाही हे कळत नाही.

प्रतिसाद ३: कर्मणीबद्दल एक भर. ‘त्याने पत्र पाठवलं असणार’ हा आपल्या व्याकरणात कर्मणी प्रयोग, पण इंग्रजीत ते सरळ ‘ही मस्ट हॅव सेंट द लेटर’ होतं. इथे ‘बीन’ घुसडू नये. इंग्रजी कर्मणीशी जुळतो तो आपला नवीन कर्मणी: ‘पत्र पाठवलं गेलं असणार’. खरं तर बोलताना आपण कर्ता गाळून नुसतं ‘पत्र पाठवलं असणार’ म्हणतो, तेव्हाही इंग्रजीत कर्मणीच शोभतं. अकर्मक क्रियापदांना मात्र कर्मणी नाही: ‘द अ‍ॅक्सिडेंट मस्ट हॅव हॅपन्ड’, ‘बीन हॅपन्ड’ नव्हे.

प्रतिसाद १: चालू क्रियेत मराठी काळ उघड करत नाही, तिथे जपा. ‘गाडी चालवत असणार’ हे आत्ताबद्दलही असतं आणि तेव्हाबद्दलही. आत्ता फोन उचलत नाहीये, तर ‘ही मस्ट बी ड्रायव्हिंग’. काल उचलला नव्हता, तर ‘ही मस्ट हॅव बीन ड्रायव्हिंग’. ‘तेव्हा माहीत असणार’ याला ‘बीन नोइंग’ करू नका, ‘मस्ट हॅव नोन’. जाणणं ही स्थिती आहे, तिला ‘-इंग’ लागत नाही.

सगळे डबे एकत्र जोडले तर ‘द रोड मस्ट हॅव बीन बीइंग रिपेअर्ड’ होतं. नियमाने बरोबर, पण कानाला जड. असं सहसा कोणी लिहीत नाही. ‘मस्ट हॅव बीन अंडर रिपेअर’ लिहून मोकळं व्हावं.

प्रश्न: शेवटचं. ‘काल पाणी सोडलंच गेलं नसणार’ आणि ‘सोडलं गेलं नसावं’?

प्रतिसाद २: पहिल्याला ‘द वॉटर कान्ट हॅव बीन रिलीज्ड येस्टरडे’. अमेरिकेत ‘मस्ट नॉट हॅव बीन’ही सर्रास म्हणतात, ब्रिटिश वळणात ‘कान्ट’ बरं. दुसरं मवाळ आहे, म्हणून ‘प्रॉबेबली वॉझन्ट रिलीज्ड’. आणि ‘शुडन्ट हॅव बीन’ दोन्हीकडे टाळा. त्याचा अर्थ ‘सोडायला नको होतं’ असा होतो, म्हणजे पाणी सोडलं गेलं होतं.