मदत हवी आहे : नववीतला मुलगा रोज शाळेला उशिरा पोहोचतो

सकाळची शाळा, सातला प्रार्थना. आमचे चिरंजीव बहुतेकदा फाटकाबाहेर उभे आणि डायरीत लाल शेरा. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय २०२४ मध्ये आला, पण नववीवाल्यांना त्याचा काय उपयोग!

या वयात मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक) रात्री उशिरा स्रवतं, झोप ८ ते १० तास लागते, हे मान्य. पण क्लास सुटतो साडेनऊला, मग जेवण, गृहपाठ. अकराच्या आत पाठ टेकत नाही. गजर झोपेतच बंद करतो. मी त्याआधीच लोकल पकडायला निघालेली असते (आमच्याकडे तीन लेट मार्कांना अर्धी रजा कापतात). ओरडून झालं, मोबाईल काढून घेऊन झाला. क्लासची वेळ बदलून कुणाला फरक पडलाय का? शाळेशी नेमकं काय बोलू?