ऑसिलोस्कोपवर व्होल्टेज दुप्पट, म्हणजे जनरेटर ३ डीबी जास्त देतोय का?

रात्रपाळी_लॅब: सेकंडहँड आरएफ सिग्नल जनरेटर घेतलाय. १० मेगाहर्ट्झ, ० डीबीएम लावून केबलने थेट स्कोपला जोडला. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. ५० ओहमला २२४ मिलिव्होल्ट आरएमएस (परिणामी मूल्य), पीक-टू-पीक (तळापासून शिखरापर्यंत) ६३२. स्कोप दाखवतोय १.२६ व्होल्ट! दुप्पट म्हणजे ३ डीबी जास्त ना? म्हणून −३ डीबीएम लावून पाहिलं, तर ६३२ ऐवजी ९०० च्या आसपास. काल रात्री झाकण उघडून अॅटेन्युएटरचे (सिग्नल कमी करणाऱ्या भागाचे) रिले साफ केले, काडीचाही फरक नाही.

जुना_सोल्डर: आधी झाकण लावा. जनरेटर धडधाकट आहे.

स्कोपचा इनपुट १ मेगाओहमवर असणार. जनरेटरच्या आत ५० ओहम आहेत. बाहेरही ५० असले की निम्मं व्होल्टेज आतच पडतं. सेटिंगमधले ० डीबीएम हे धरूनच असतात. १ मेगाओहमला मात्र जवळपास सगळं व्होल्टेज बाहेर येतं, म्हणून दुप्पट.

आणि व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डीबी, ३ नव्हे. डीबी म्हणजे दोन पॉवरच्या गुणोत्तराचा १० लॉग. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, वर्गाचा २ लॉगच्या बाहेर येतो, म्हणून १० लॉगचे २० लॉग. ३ डीबीला पॉवर दुप्पट होते पण व्होल्टेज १.४१ पटच. तुमचे ९०० तिथूनच आले.

पण '६ डीबी जास्त पॉवर' असंही म्हणू नका. २० लॉगवरून पॉवर काढायची तर दोन्हीकडे रेझिस्टन्स सारखा हवा. ४४७ मिलिव्होल्ट आरएमएसचा वर्ग भागिले १ मेगाओहम: ०.२ मायक्रोवॅट. म्हणजे −३७ डीबीएम! व्होल्टेज दुप्पट आणि पॉवर जवळजवळ शून्य.

तोंडी_हिशोब: −३७ ला कॅल्क्युलेटर लागत नाही. ३७ म्हणजे ४० वजा ३. ४० डीबी दहा हजार पट, ३ डीबी निम्मे, झाले पाच हजार. १ मिलिवॅट भागिले पाच हजार.

एक चूक मी स्वतः केली आहे: डीबीएममध्ये डीबी मिळवायचे, डीबीएम नाही. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे ० डीबीएमचे दोन सिग्नल, कंबाइनरचा लॉस सोडला तर, मिळून ३ डीबीएम होतात. शून्य अधिक शून्य तीन.

रात्रपाळी_लॅब: स्कोपच्या इनपुटला टी-कनेक्टरवर ५० ओहमचा टर्मिनेटर (रेझिस्टर) लावला. ६४० मिलिव्होल्ट. झाकणही लावलं, पण एक स्क्रू कमी भरतोय.